बँकरोल ६००० डॉलर : २/५ ला बसावं की १/३ लाच राहावं?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. विषय पोकरचा आहे. ज्यांना पत्त्यांचं वावडं आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, नोकरी आयटीतली. जमेल त्या शनिवारी अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत जाऊन १/३ नो-लिमिट होल्डेम (पैजेला वरची मर्यादा नसलेला पोकर) खेळतो. १/३ म्हणजे दर हाताला दोघांनी आधीच टाकायच्या सक्तीच्या पैजा: स्मॉल ब्लाइंड १ डॉलर, बिग ब्लाइंड ३. तसंच २/५. बँकरोल, म्हणजे पगाराच्या खात्यापासून वेगळा ठेवलेला, फक्त पोकरचा पैसा सध्या ६००० डॉलर आहे. गेल्या वर्षभरात साधारण २०० तास टेबलावर बसणं झालं. वहीप्रमाणे रेक (पॉटमधून, म्हणजे जमलेल्या पैजांतून, कॅसिनो कापतो तो वाटा) आणि डीलरची टिप जाऊन तासाला सरासरी १८ डॉलर सुटतात.

१/३ ला ३०० चा बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) धरला तर माझ्याकडे २० बाय-इन आहेत. २/५ ला ५०० चा धरला तर १२. जिथे बघावं तिथे ‘किमान वीस’ लिहिलेलं असतं. पण शनिवारी रात्री २/५ वर जी मंडळी दिसतात ती काही फार पोचलेली वाटत नाहीत. तेच चेहरे, फक्त घड्याळं महाग. १०,००० होईपर्यंत थांबायचं म्हणजे याच वेगाने अजून एक वर्ष.

थांबू की बसू? आणि का?

किलवर_गुलाम

बस रे. २/५ ला रेकही तुलनेने कमी पडतो. रेकला कमाल मर्यादा असते, पॉट मोठा झाला म्हणून ती वाढत नाही. १/३ ला तू तुझ्या कमाईचा मोठा वाटा हाउसला, म्हणजे कॅसिनोला, देतोयस. आणि मुख्य म्हणजे तुझा बँकरोल ६००० नाहीच. तुझा बँकरोल तुझा पगार आहे. ६००० गेले तर सहा महिन्यांत परत उभे करशील. वीस बाय-इनचा नियम ज्यांचं घर पोकरवर चालतं त्यांच्यासाठी.

टिळकरोड

वाचतोय. चहा टाकलाय.

गुळपोळी

धर्मराजाने बँकरोल सांभाळला असता तर महाभारत टळलं असतं म्हणायचं. जुगाराला इंग्रजी नाव दिलं की त्याचं मॅनेजमेंट होतं हे आजच कळलं.

अंकगणिती

गुळपोळी, धर्मराजासमोर शकुनीचे फासे होते. खेळात आपली बाजू उणे असली की कुठलाच बँकरोल पुरत नाही, राज्यही पुरलं नाही. बँकरोलचा हिशोब सुरूच होतो तो खेळाडू जिंकणारा असेल तर. एडिसनकर जिंकणारे आहेत का, माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

एडिसनकर, तुम्ही १२ आणि २० या आकड्यांची चिंता करताय. मला १८ ची वाटते.

मी स्वतः खेळत नाही. पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. नवरा खेळायचा, म्हणून हे हिशोब घरात झालेले आहेत. नो-लिमिट होल्डेममध्ये १०० हातांमागे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती हलतो याचं माप) ८० ते १०० बिग ब्लाइंड धरतात. आपण ९० धरू. कॅसिनोत तासाला तीसेक हात होतात. त्या हिशोबाने एका तासाचं विचलन साधारण ४९ ब्लाइंड, म्हणजे १/३ ला १४८ डॉलर. तासाची कमाई १८ आणि तासाचा हेलकावा १४८.

आता २०० तासांच्या सरासरीतली त्रुटी काढा: १४८ ला २०० च्या वर्गमुळाने भागा. साडेदहा डॉलर. दोन्ही बाजूंना दोन-दोन त्रुटींची जागा सोडली तर तुमचा खरा दर उणे ३ पासून अधिक ३९ पर्यंत कुठेही असू शकतो. वहीतला १८ खोटा नाही, पण तो तुमच्या खेळाबद्दल जेवढं सांगतो असं तुम्हाला वाटतंय तेवढं सांगत नाही. तुम्ही बहुधा जिंकणारे आहात. ‘बहुधा’ च्या पुढे मी जाणार नाही.

एडिसनकर

ताई, पोटात गोळा आला. म्हणजे वर्षभराची वही कचऱ्यात?

अंकगणिती

कचऱ्यात कशाला? ती सांभाळून ठेवा, अजून चार वर्षांनी कामाला येईल. त्रुटी निम्मी करायची तर तास चौपट लागतात, त्याला इलाज नाही.

आता २/५ चं बघू. १/३ ला तुमचे ६ ब्लाइंड सुटतात. तेच प्रमाण २/५ ला राहिलं तर तासाला ३० डॉलर, पण वरच्या टेबलावर ते टिकत नाही, म्हणून आपण चार ब्लाइंड, म्हणजे २० डॉलर धरू. विचलन तासाला २४६. दिवाळं निघण्याच्या शक्यतेचं एक ठोकळ सूत्र आहे: दोन गुणिले दर गुणिले बँकरोल, भागिले विचलनाचा वर्ग, आणि e चा तेवढा उणे घात. ६००० डॉलर घेऊन बसलात, मध्ये काही काढलं नाही, वेळ आली तरी खाली उतरला नाहीत, असं धरून:

खरा दर २० असेल तर दिवाळं साधारण २ टक्के.
१० असेल तर १४ टक्के.
५ असेल तर ३७ टक्के.
शून्य किंवा उणे असेल तर आज ना उद्या, पण नक्की.

१/३ लाच राहिलात तर दर १८ असताना धोका नगण्य. खरा दर निम्मा, म्हणजे ९ निघाला तरी एक टक्क्याच्या आत. अगदी ४ निघाला तर ११ टक्के.

म्हणून ‘१२ बाय-इन पुरतात का’ याला एकच उत्तर नाही. दर २० असेल तर पुरतात, ५ असेल तर ४० ही कमी वाटतील. आणि तो दर तुम्हाला माहीत नाही.

किलवर_गुलाम

ताई हिशोब मान्य. पण असा विचार केला तर कोणीच कधी वर जाणार नाही. ज्याला आपला दर पक्का माहीत आहे असा लाइव्ह खेळाडू मी तरी पाहिलेला नाही. हजार तास खेळायला याला पाच वर्षं लागतील, तोवर गेमच बदललेला असेल.

हवं तर ऑनलाइन खेळ म्हणावं. न्यू जर्सीत २०१३ पासून कायदेशीर आहे, एका टेबलावरही तासाला लाइव्हच्या दुप्पट हात होतात. डेटा लवकर जमेल.

अंकगणिती

डेटा जमेल, पण ऑनलाइनच्या खेळाचा. समोरची माणसं वेगळी, वेग वेगळा. त्या दरावरून शनिवारच्या २/५ चा दर काढायचा म्हणजे नागपूरच्या तापमानावरून महाबळेश्वरचं स्वेटर ठरवायचं.

बदाम_राणी

लंडनहून लिहितेय. मी मुख्यतः स्पर्धा खेळते, त्यामुळे तुमच्या कॅश गेमच्या (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) हेलकाव्यांचं मला हसू येतं. साधारण १५ टक्के जागांना बक्षीस असतं. सरासरी खेळाडू धरला तर सलग वीस स्पर्धा कोरड्या जाण्याची शक्यता कुठल्याही एका वेळी ४ टक्क्यांच्या आसपास येते. वर्षात शंभर स्पर्धा खेळणाऱ्याला अशी रांग कधीतरी लागण्याची शक्यता एक-तृतीयांशापेक्षा जास्त. आणि बक्षीस लागलं तरी ते बहुतेक वेळा बाय-इनच्या दीड-दोन पट असतं, खरा पैसा वरच्या दोन-तीन जागांत. आमच्याकडे १०० बाय-इनलाही लोक ‘जरा धाडस करतोयस’ म्हणतात.

नियमांचं म्हणाल तर पोकर खेळाडू क्रिस फर्ग्युसनचे नियम अजूनही सगळ्यांत सुटसुटीत. त्याने २००६ मध्ये शून्यापासून सुरुवात करून १०,००० डॉलरपर्यंत जायचं ठरवलं. फुकटच्या स्पर्धांतून पहिले काही डॉलर मिळवले आणि साधारण दीड वर्षात करून दाखवलं. कॅश गेममध्ये एकूण पैशाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही. मोठ्या स्पर्धेला २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि टेबलावरचा पैसा एकूण बँकरोलच्या १० टक्क्यांवर गेला की पुढचा ब्लाइंड यायच्या आत उठायचं. या शेवटच्या नियमाबद्दल कोणी बोलत नाही. जिंकत असतानाही उठायचं!

एडिसनकर, ६००० चे ५ टक्के म्हणजे बरोबर ३०० होतात. उत्तर समोरच आहे.

टिळकरोड

हाच ना तो, ज्याच्या साइटवर लोकांचे पैसे अडकले?

बदाम_राणी

तोच. तेच तर गंमतशीर आहे. हा प्रयोग त्याने फुल टिल्ट या ऑनलाइन पोकर साइटवर केला आणि तो स्वतः त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होता. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने कारवाई केली. त्या सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनी जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागते आणि बँकेत ६ कोटींच्या आसपास आहेत. लोकांनी ५ टक्क्यांचा नियम काटेकोर पाळला होता, पण १०० टक्के पैसा एकाच साइटवर होता. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं.

म्हणून मी बँकरोल तीन ठिकाणी ठेवते. यातल्या कुठल्याच धोक्याला ताईंच्या सूत्रात जागा नाही. (ताई, रागावू नका.)

अंकगणिती

रागावायचं काय, बरोबर आहे. सूत्राला फक्त पत्ते दिसतात.

मांडवीकाठ

पणजीहून नमस्कार. आम्हा गोंयकारांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, काम करायला मात्र चालतं. मी काही वर्षं मांडवीतल्या एका बोटीवर डीलर होतो, त्यातली काही पोकर टेबलावर. तेवढ्याच अधिकाराने लिहितोय.

डीलरला लोकांचे पत्ते दिसत नाहीत, पण चिप्स दिसतात. माणूस बसतो तेव्हा चिप्सच्या वीस-वीसच्या चळती नीट रचलेल्या असतात. पहिला बाय-इन जातो. तो रीलोड करतो, म्हणजे पुन्हा चिप्स घेतो, पूर्ण रकमेचा, हसत. दुसराही जातो. मग तो फोन काढतो, बाजूला जाऊन बोलतो, येतो आणि रीलोड करतो, पण रक्कम आता विचित्र असते. पूर्ण बाय-इन नाही, अर्धाही नाही, खिशात जेवढं निघालं तेवढं. चिप्सच्या चळती आता रचत नाही, समोर ढीग असतो. तिसरा रीलोड ठरवून केलेला मी क्वचितच पाहिला. आणि पैसा जातो तो बहुतेक त्या तिसऱ्यातच, कारण छोटा स्टॅक, म्हणजे थोड्याच चिप्स, घेऊन तो लवकर बरोबरी करायला बघतो.

तुम्ही बारा की वीस यावर भांडताय. त्या माणसाकडेही घरी बारा असतील. बोटीवर किती घेऊन चढलास हा प्रश्न आहे.

किलवर_गुलाम

हे आवडलं. एका रात्रीसाठी दोनच बाय-इन खिशात, कार्ड घरी. हे मी पण पाळतो.

गुळपोळी

कार्ड घरी ठेवून दोन तास गाडी चालवत अटलांटिक सिटीला जायचं. वाटेत गाडी बंद पडली तर टो-ट्रकवाल्याला चिप्स द्यायच्या का? आणि एडिसनकर, तुमच्या त्या तासाला १८ मध्ये जाण्यायेण्याचा टोल आणि गॅस धरलाय का? जाऊन-येऊन पावणेदोनशे-दोनशे मैल तरी होतात.

एडिसनकर

नाही धरलं. पण जेवण कॅसिनोच्या पॉइंट्सवर होतं!

गुळपोळी

अरे वा, मग झालं की.

वजाबाकी

टोल सोडा हो. टॅक्स धरलाय का?

मी इथे अमेरिकेतच टॅक्स रिटर्न्सचं काम करतो. हा सल्ला नाही, आपल्या सीपीएला (इथल्या सीएला) विचारा वगैरे सगळं गृहीत धरा. एडिसनकर, वहीत जिंकलेल्या बैठका आणि हरलेल्या बैठका वेगळ्या मांडल्यात का? तुमच्यासाठी निव्वळ ३६०० डॉलर ही कमाई आहे, आयआरएस (इथलं आयकर खातं) तसं बघत नाही.

एडिसनकर

वहीत आहे. जिंकलेल्या बैठकांचे मिळून साधारण ६५००, हरलेल्यांचे २९००.

वजाबाकी

छान, वही आहे हेच पुष्कळ. तुम्ही व्यावसायिक खेळाडू नाही, पगारदार आहात. तेव्हा ६५०० हे उत्पन्न म्हणून दाखवायचं, आणि २९०० ची वजावट मिळते ती आयटमाइझ केलं, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडली, तरच. बहुतेक पगारदारांना स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) परवडतं, ते घेतलं की हरलेल्या २९०० चा काही उपयोग नाही. समजा तुमचा २२ टक्क्यांचा स्लॅब आहे. ६५०० वर १४३० डॉलर फेडरल टॅक्स. ३६०० तून गेले की उरले २१७०. २०० तासांनी भागा. अकराच्या आत.

आयटमाइझ करत असलात तरी जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने २०२६ पासून तोट्याच्या ९० टक्केच वजावट मिळते. म्हणजे २९०० ऐवजी २६१०. याचा खरा फटका भरपूर खेळणाऱ्यांना आहे. वर्षात पाच लाख जिंकून पाच लाख हरलेला माणूस शून्य कमावूनही पन्नास हजारांवर टॅक्स भरेल. वर राज्याचा वेगळा हिशोब.

किलवर_गुलाम

कॅश गेमचं कोण दाखवतं राव.

वजाबाकी

हे वाक्य तुम्ही कुठे लिहिताय ते एकदा बघा. मी वाचलं नाही असं समजतो.

बदाम_राणी

आमच्याकडे खेळाडूच्या जिंकलेल्या पैशावर टॅक्स नाही. (आणि हरलेल्याची वजावटही नाही, ते ओघाने आलंच.) एडिसनकर, लंडनला बदली मागा.

टिळकरोड

आणि आपल्या पुण्यात?

वजाबाकी

भारतात जिंकलेल्या रकमेवर सपाट ३० टक्के, सेस वेगळा, स्लॅबचा फायदा नाही. ऑनलाइनचा विषय तर ऑगस्ट २०२५ मध्ये संपला. संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या साइट्सनी पैशांचे खेळ थांबवले. गोव्यातल्या कॅसिनोंना त्या सप्टेंबरपासून ४० टक्के जीएसटी. एवढं सगळं अंगावर घेऊन तासाला किती ब्लाइंड सुटले म्हणजे माणूस खरोखर जिंकणारा ठरेल, हे ताईंनी काढून दाखवावं.

अंकगणिती

काढलं होतं, नवऱ्याने बघायला नकार दिला.

टॅक्सचा मुद्दा मात्र एडिसनकरांचं उत्तर बदलतो, म्हणून परत लिहितेय. आधी एक प्रयोग सांगते. २०१६ मध्ये हघानी आणि ड्यूई या दोघांनी ६१ जणांना प्रत्येकी २५ डॉलर दिले. बहुतेक अर्थशास्त्राचे-वित्ताचे विद्यार्थी आणि त्या धंद्यातली तरुण माणसं. एक नाणं दिलं, संगणकावरचं, आणि स्पष्ट सांगितलं की छापा पडण्याची शक्यता ६० टक्के आहे. अर्धा तास हव्या तेवढ्या पैजा लावा. जास्तीत जास्त २५० डॉलर मिळतील, हे वरच्या टोकाला पोचल्यावर कळायचं. बाजू पक्की आपली, दर पक्का माहीत, फसवणूक नाही. तरी २८ टक्के लोक कफल्लक झाले आणि २१ टक्केच कमाल रकमेला पोचले. काहींनी एकाच फेकीवर सगळं लावलं. दोन-तृतीयांश लोकांनी कधी ना कधी काट्यावर पैज लावली!

या नाण्यावर दर वेळी किती लावायचं याचं उत्तर १९५६ पासून माहीत आहे. बेल लॅब्समधल्या जॉन केलीचं सूत्र सांगतं की हातातल्या पैशाच्या २० टक्के. त्याहून कमी लावलं तर पैसा हळू वाढतो. जास्त लावलं तर धोका वाढतो आणि वाढही हळू होते. दुप्पट लावलं की वाढ जवळपास शून्यावर येते, म्हणजे जिंकणारा माणूस आयुष्यभर जिंकूनही जागच्या जागी. निम्मं लावलं तर मात्र वाढीचा तीन-चतुर्थांश भाग हाती राहतो आणि हेलकावे निम्मे होतात. म्हणून शहाणे लोक अर्धी केली वापरतात.

पोकरमध्ये याचं रूप सोपं आहे. पूर्ण केलीचा बँकरोल म्हणजे विचलनाचा वर्ग भागिले दर. २/५ साठी:

दर २० : ३००० च्या जरा वर. तुमचे ६००० म्हणजे अर्धी केली, झकास.
दर १० : ६००० च्या जरा वर. तुम्ही पूर्ण केलीवर आहात, रात्रीची झोप जाईल.
दर ५ : १२,००० च्या वर. तुम्ही दुप्पट केलीवर आहात, इतकी वर्षं खेळून हाती काही नाही.

तेच ६००० डॉलर, तोच माणूस, तेच टेबल. आणि टॅक्स धरला की २० चे १२ होतात, गुळपोळींचा टोल धरला की दहाच्या आसपास. चूक कुठल्या बाजूला झाली तर परवडते तेही यात दिसतं. तुम्ही स्वतःला कमी लेखून १/३ लाच राहिलात तर तासाला काही डॉलर बुडतील. जास्त लेखून वर गेलात तर ६००० बुडतील.

किलवर_गुलाम

ताई, केलीत एक गोष्ट गृहीत असते की पैसा कमी झाला की पैजही कमी होते. म्हणजे हा २/५ ला हरायला लागला की १/३ ला उतरेल. मग ३७ टक्के, १४ टक्के हे सगळे आकडे खाली येतात. तुमचं दिवाळं न उतरणाऱ्याचं आहे.

अंकगणिती

अगदी बरोबर. उतरला तर आकडे खाली येतात. मी ते आधी लिहिलंच आहे, ‘वेळ आली तरी खाली उतरला नाहीत असं धरून’. तेव्हा कुठल्या रकमेला वर जायचं हे विचारायच्या आधी कुठल्या रकमेला खाली यायचं ते एडिसनकरांनी ठरवावं. आणि ते घरी ठरवावं.

बदाम_राणी

आणि पगाराचा मुद्दा? किलवर म्हणतो तसा पगार म्हणजे बँकरोल?

माझं मत: पगारातून भर घालता येते हे खरं आहे आणि त्यामुळे थोडं धाडस परवडतं हेही खरं. पण ती भर आधी ठरलेली हवी. महिन्याला २०० म्हणजे २००, हरलो म्हणून ५०० नाही. तसं नसेल तर त्याला बँकरोल म्हणू नका, तो घरचा पैसा आहे जो अजून गेलेला नाही.

उलट बाजूही बघा. बरेच लोक जिंकलेल्या पैशातून गाडीचा हप्ता भरतात. ताई, महिन्याला ३०० काढले तर काय होईल?

अंकगणिती

महिन्याला पंचवीस तास धरले, तर ३०० म्हणजे तासाला १२. दरातून ते सरळ वजा करा. टॅक्सआधीचा २० चा दर असेल तर ८ उरले, २/५ वर दिवाळं २ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या वर. सध्या तर वर्षाला ३०० तास बसणंही होत नाही, म्हणजे प्रत्यक्षात याहून वाईट.

एडिसनकर

हप्ता पगारातूनच जातो, तेवढं तरी बरं आहे. बायकोला हा धागा दाखवला. ती म्हणाली, गुळपोळी कोण आहेत, त्यांना जेवायला बोलाव.

एक विचारायचं राहिलं. माझा एक मित्र २/५ ला माझा अर्धा हिस्सा घ्यायला तयार आहे. म्हणजे ५०० तले २५० त्याचे, जिंकलं-हरलं निम्मं निम्मं. हे कसं?

बदाम_राणी

स्पर्धांत आम्ही हेच करतो. ५५० पौंडांच्या स्पर्धेतला अर्धा हिस्सा १.१ च्या मार्कअपने (मूळ किमतीच्या १.१ पटीला) विकला तर २७५ च्या जागी ३०२.५० मिळतात. तो वरचा पैसा तुमच्या कौशल्याचा. कॅश गेममध्ये मार्कअप कोणी देत नाही, पण हेलकावे निम्मे होतात हे नक्की. सगळं आधी लिहून घ्या: कुठली रात्र, किती बाय-इनपर्यंत, हिशोब कधी. मैत्री बिघडते ती हरलेल्या रात्रीमुळे नाही, ‘त्या रात्री तू मला धरलंच नव्हतंस’ यावरून.

अंकगणिती

अर्ध्या हिश्शाने दर १० आणि विचलन १२३. ६००० वर दिवाळं जवळजवळ नाही. टॅक्सआधीचा खरा दर निम्मा निघाला तरी २ टक्के.

किलवर_गुलाम

पण मग तासाला १० च सुटणार. १/३ ला १८ सुटतात म्हणतोय ना हा? मित्राला हिस्सा विकून २/५ खेळायचं त्यापेक्षा एकट्याने १/३ काय वाईट?

अंकगणिती

पैशासाठी काहीच वाईट नाही. अर्ध्या हिश्शाचा उपयोग २/५ वर आपला दर काय आहे हे कमी पैशात बघायला. फक्त ते कळायलाही शेकडो तास लागतील हे लक्षात ठेवा.

एडिसनकर

ठीक. मग असं करतो. मुक्काम १/३. त्यातले १००० वेगळे काढतो, म्हणजे २/५ चे दोन बाय-इन, आणि मित्राचा अर्धा वाटा धरून तेच चार होतील. टेबल मऊ दिसलं, म्हणजे समोर कच्चे खेळाडू असले, तरच बसायचं, रात्रीत एकच रीलोड. ते १००० गेले की पुढचं वर्ष २/५ चं नाव काढायचं नाही. एकूण ५००० च्या खाली आलो तरी तेच. वजाबाकींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मांडवीकाठ

देव बरें करूं. रीलोड एकच, हे मित्रालाही सांगून ठेवा. टेबलावर तोच ‘अजून एक घे’ म्हणेल, त्याचेही अडकलेले असतात.

टिळकरोड

चहा संपला, पण एक शंका. माझा भाचा तिकडेच २/५ खेळतो. तो म्हणतो शनिवारी रात्री टेबलावर सगळे १० चा स्ट्रॅडल (पत्ते बघायच्या आधीच लावलेली, बिग ब्लाइंडच्या दुप्पट ऐच्छिक पैज) लावतात, न लावणाऱ्याकडे तुच्छतेने बघतात. मग ते २/५ उरतं का? ताईंचा हिशोब कशावर धरायचा?

अंकगणिती

१० वर. प्रत्येक हाताला स्ट्रॅडल असेल तर विचलन डॉलरमध्ये दुपटीच्या जवळ जातं, आणि ५०० घेऊन बसलेला माणूस १०० ब्लाइंड नाही, ५० घेऊन बसलेला असतो. एडिसनकर, तुमच्या ‘मऊ टेबल’ च्या व्याख्येत हे होतं का?

एडिसनकर

नव्हतं. शनिवारी तिथे स्ट्रॅडल असतोच.

किलवर_गुलाम

मग शुक्रवारी जा.